अंगणातला गुलमोहर: तोडायचा की ठेवायचा?



परवाच्या वळवात शेजारच्या वस्तीवर गुलमोहराची जाड फांदी गोठ्याच्या पत्र्यावर आली. जनावरं चरायला गेली होती म्हणून निभावलं. आता घरात दोन पक्ष पडलेत. पोरगा म्हणतो, "परदेशी झाड आहे, काढून टाकू." आजी म्हणतात, "मी या घरात आले त्या साली लावलंय, हात लावायचा नाही." मला विचारायला आले. म्हटलं, आधी हे झाड आलं कुठून ते बघू, मग कुऱ्हाडीचं बोलू.

गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटाचा. बोयर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाला तो तिथं पूर्व किनाऱ्यावर दिसला आणि १८२९ साली त्याची शास्त्रीय नोंद छापली गेली. पण ते झाड माणसानं लावलेलं होतं. त्याचं खरं रान बेटाच्या पश्चिम आणि उत्तर भागात आहे, हे जगाला फार उशिरा कळलं. तिथं चुनखडीचे खडक, माती थोडी, पाऊस चार-पाच महिने आणि बाकी वर्ष कोरडं. आज ते रान कोळशासाठी आणि शेतीसाठी तुटत चाललंय.

बोयर मॉरिशसला राहायचा. मॉरिशस तेव्हा इंग्रजांकडे होतं, त्यामुळे झाड त्यांच्या वसाहतींमध्ये पसरलं. आपल्याकडे मुंबईत शिवडीला १८४० च्या सुमारास ते आल्याचं सांगतात. पुढे रस्ते, स्टेशनं, बंगले, शाळा अशा सगळीकडे ते लागलं. कारण साधं होतं. झाड लवकर वाढतं, छत्रीसारखं पसरतं आणि ऐन उन्हात फुलतं. साताऱ्यात तर १ मे हा गुलमोहर दिवस म्हणून साजरा होतो. रस्त्याचं बघून आपण तेच झाड दाराशी आणलं. चूक झाली ती इथं.

खडकावरच्या थोड्या मातीत वाढलेल्या या झाडाची मुळं खोल जाण्यापेक्षा आडवी पसरतात. ती ओटा, फरशी उचलतात, पाइपात शिरतात. लाकूड ठिसूळ, फांद्या लांब आणि आडव्या, त्यामुळे पहिल्या वादळात मोडतात. म्हणून घर, गोठा, विहीर आणि शोषखड्डा यांपासून तीस फूट तरी लांब लावा. वर विजेची तार नको. बांधावर तर नकोच, कारण सावली आणि मुळं दोन्ही पिकाला नडतात. पाणी साचणाऱ्या काळ्या चिबड रानात ते टिकत नाही, मुरमाड निचऱ्याच्या जागेत छान येतं.

बी फार टणक असतं. एका बाजूनं कानशीनं थोडं घासा, कोमट पाण्यात टाका आणि रात्रभर राहू द्या. फुगेल तेवढंच पिशवीत लावा. रोप पावसाच्या सुरुवातीला खड्ड्यात लावा, काठीचा आधार द्या आणि पहिले दोन उन्हाळे पाणी द्या. खालच्या फांद्या लहान असतानाच काढून आठ-दहा फुटांपर्यंत एकच खोड ठेवा. ही छाटणी थंडीत, पानं गळाल्यावर करायची. जाड फांदी तोडली की जखम भरत नाही, तिथून कूज लागते. बियांच्या झाडाला फूल यायला पाच वर्षं तरी लागतात, कधी दहासुद्धा. धीर धरावा लागतो.

मग शेजारच्या झाडाचं काय? आम्ही खोड ठोकून बघितलं. पोकळ वाजलं नाही, बुंध्याशी अळंबी नव्हती, झाड एका बाजूला कलंडलेलंही नव्हतं. तसं काही असतं तर आजींना मीच समजावलं असतं. ठरलं असं की गोठ्यावर आलेल्या फांद्या शेंड्याकडून हलक्या करायच्या, मोडलेली फांदी सांध्यापाशी नीट कापायची आणि पावसाळाभर जनावरं पलीकडच्या छपरात बांधायची. थंडीत पुन्हा बघायचं.

पोराला आजींनी याच झाडाच्या दोन शेंगा दिल्यात. नवी रोपं तो वस्तीच्या वाटेला लावणार आहे. घरापासून पावलं मोजून जागा त्यानंच धरली.