ड्यूनमधील साम्राज्याच्या पदव्या व श्रेणी

ड्यूनमधील साम्राज्याच्या पदव्या व श्रेणी म्हणजे अमेरिकन लेखक फ्रँक हर्बर्ट (१९२०–१९८६) यांच्या 'ड्यून' (१९६५) या विज्ञानकादंबरीत व तिच्या पाच उत्तरभागांत आढळणारी काल्पनिक सरदारशाहीची उतरंड होय. कथानक अतिदूरच्या भविष्यकाळात घडते. मात्र त्यातील समाजरचना सरंजामी आहे. सम्राटाची पदवी फारसी, सरदारांच्या पदव्या युरोपीय आणि वाळवंटातील लोकांची अनेक पदे अरबी वळणाची आहेत.

सर्वसाधारण रचना

साम्राज्यातील प्रत्येक व्यक्तीचे स्थान जन्मतःच ठरवणाऱ्या कठोर वर्गव्यवस्थेला कादंबरीत 'फॉफ्रलूश' असे नाव आहे. सत्ता तिघांमध्ये विभागलेली असते : सम्राट, सरदार घराण्यांची 'लँड्सराड' ही सभा आणि अंतराळप्रवासाची मक्तेदारी असलेला नौकानयन संघ. कोणताही एक घटक उरलेल्या दोघांना पूर्णपणे डावलू शकत नाही.

सम्राट

सर्वोच्च पदवी 'पादिशाह सम्राट' ही आहे. मराठीतील 'पातशहा' आणि 'बादशहा' हे शब्द याच फारसी मूळाचे आहेत. पहिल्या कादंबरीच्या काळात कोरिनो घराण्यातील शद्दाम चौथा हा ८१वा पादिशाह गादीवर असून त्याची राजधानी कायटेन या ग्रहावर आहे. त्याला पाच मुली आहेत, पण औरस मुलगा नाही. त्यामुळे थोरली राजकन्या इरुलान हिच्या विवाहाला राजकीय महत्त्व प्राप्त होते.

सरदार घराणी

ग्रहाची जहागीर धारण करणारी घराणी 'महाघराणी', तर एकाच ग्रहापुरता व्यवहार असणारी 'लघुघराणी' होत. ग्रहाच्या शासकास 'सिरिदार' म्हणतात. ही संज्ञा वंशपरंपरागत पदवीला जोडून येते. म्हणून व्लादिमिर हार्कोनेन याची अधिकृत पदवी 'सिरिदार-बॅरन' अशी आहे. प्रमुख पदव्या पुढीलप्रमाणे :

- ड्यूक : लेटो अट्राइडीस. मूळ जहागीर कॅलाडन हा ग्रह.
- बॅरन : व्लादिमिर हार्कोनेन.
- काउंट : हासिमिर फेनरिंग. सम्राटाचा बालमित्र व विश्वासू.
- ना-बॅरन : बॅरनपदाचा नियोजित वारस. 'ना' हा उपसर्ग वारसदार दर्शवतो. बॅरनचा पुतण्या फेड-रौथा हा ना-बॅरन आहे.

जहागिरीचे प्रकार

पदवीइतकेच महत्त्व ती कोणत्या अटींवर मिळाली आहे याला असते. अराकिस या वाळवंटी ग्रहावर 'मेलांज' हा मसाला सापडतो आणि त्याच्यावाचून ताऱ्यांमधला प्रवास अशक्य असतो. हार्कोनेन घराण्याने ८० वर्षे हा ग्रह केवळ कंपनीच्या करारान्वये सांभाळला होता. मराठी वाचकास परिचित शब्द वापरायचा तर तो इजारा होता. ड्यूक लेटोला मात्र तोच ग्रह पूर्ण जहागीर म्हणून मिळतो. वरवर पाहता ही बढती असते. प्रत्यक्षात लँड्सराडमध्ये वाढणारी ड्यूकची लोकप्रियता आणि त्याच्या सैन्याची वाढती तयारी सम्राटास सलत असते. ड्यूकला त्याच्या सुरक्षित ग्रहावरून हलवून शत्रूच्या टप्प्यात आणणे हा या सन्मानामागील हेतू असतो आणि त्यातच ड्यूकचा अंत होतो.

लष्करी श्रेणी

सम्राटाच्या 'सार्डाउकार' सैन्यात 'बर्सेग' हा सरसेनापतीच्या दर्जाचा अधिकारी होय. त्याखाली 'काईद' येतो. त्याचे काम मुख्यत्वे नागरी प्रशासनाशी निगडित असते. 'काईद' हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ नेता किंवा सेनानायक असा होतो. 'बशर' हा काईदच्या खालचा, परंतु कर्नलहून किंचित वरचा दर्जा आहे. हार्कोनेनांचा एक पूर्वज बशर होता. कोरिनच्या लढाईनंतर भित्रेपणाच्या आरोपावरून त्याला हद्दपार करण्यात आले होते.

फ्रेमेनांमधील पदे

अराकिसचे मूळ रहिवासी फ्रेमेन या उतरंडीबाहेर राहतात. त्यांच्या वस्तीच्या प्रमुखास 'नायब' म्हणतात. हा अरबी शब्द मराठीत 'नायब तहसीलदार' या पदनामात रूढ आहे. मराठीत त्याचा अर्थ दुय्यम अधिकारी असा आहे, तर कादंबरीतील नायब हा जिवंतपणी शत्रूच्या हाती न लागण्याची शपथ घेतलेला स्वतंत्र नेता असतो. हे पद वारसाने मिळत नाही. पूर्वीच्या नायबाला द्वंद्वयुद्धात ठार करूनच ते मिळवावे लागते.

कथानकातील महत्त्व

लेटोचा मुलगा पॉल फ्रेमेनांमध्ये नावारूपाला येतो, तेव्हा त्याने नायब स्टिलगारला ठार करून नेतृत्व घ्यावे अशी अपेक्षा निर्माण होते. पॉल वडिलांची मुद्रेची अंगठी बोटात घालून अराकिसचा ड्यूक म्हणून आपला हक्क सांगतो. ड्यूकपद नायबपदाहून वेगळे असल्याने स्टिलगार आपले पद राखून त्याच्याशी निष्ठेची शपथ घेऊ शकतो. एका व्यवस्थेतील पदवीमुळे दुसऱ्या व्यवस्थेतील माणसाचे प्राण वाचतात.

स्त्रियांच्या बाबतीत पदवी आणि वास्तव स्थान यांत अंतर दिसते. पॉलची आई जेसिका हिला 'लेडी' म्हणून मान असला, तरी ड्यूकने तिच्याशी विवाह केलेला नसतो. राजकीय सोयरिकीची शक्यता त्याने खुली ठेवलेली असते. पुढे पॉलही राज्यासाठी इरुलानशी विवाह करतो आणि त्याची प्रिया चानी उपपत्नीच राहते.

चित्रपटांतील रूप

डेव्हिड लिंच यांच्या १९८४च्या चित्रपटात होझे फेरर यांनी, तर डेनी व्हिलनव्ह यांच्या २०२४च्या चित्रपटात ख्रिस्तोफर वॉकेन यांनी सम्राटाची भूमिका केली. २०२४च्या चित्रपटात काउंट फेनरिंग दिसत नाही. त्याची पत्नी लेडी मार्गो मात्र आहे.