तेल प्यायलेली पथरी

जुन्या सुताराच्या पेटीतली काळी, चिकट पथरी धार लावत नाही. ती संपलेली नसते. तेल वाळून तिची छिद्रं बुजलेली असतात. रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने घासावी, मग धुण्याचा सोडा आणि गरम पाणी. विस्तवावर धरू नये, तडकते.

थर निघाला की बहुधा राखी कार्बोरंडम दिसतं. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनला ते भट्टीत सापडलं. कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग समजून त्याने हे नाव दिलं. प्रत्यक्षात निघालं सिलिकॉन कार्बाइड. गंमत म्हणजे कोरंडम हा आपला कुरुंदच, तमिळमधून युरोपात गेलेला. १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल कंपनी निघाली, आणि तो शब्द चुकीच्या नावात बसून घरी परतला.

भंगारात देण्याआधी पथरी एकदा धुऊन पाहा. मधला खोलगटपणा तेवढा धुऊन जाणार नाही. तो त्या सुताराच्या हाताचा.