अमरावतीची शिल्पे आणि दात्यांची नावे

आंध्र प्रदेशात कृष्णेच्या काठी अमरावतीचा महाचैत्य होता. १७९७ मध्ये कॉलिन मॅकेन्झी तिथे पोहोचला, तेव्हा स्थानिक जमीनदाराची माणसे बांधकामासाठी स्तूपाचे दगड नेत होती. म्हणजे मोडतोडीचा दोष एकट्या इंग्रजांचा नाही. १८४५ मध्ये वॉल्टर इलियटने उत्खनन केले. शिल्पे मद्रासला गेली आणि १८५९ मध्ये त्यांतली शंभरहून अधिक लंडनला रवाना झाली. आज ती मुख्यतः ब्रिटिश म्युझियम आणि चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात विभागलेली आहेत. हा महाचैत्य कसा विखुरला गेला, यावर इतिहासकार उपिंदर सिंह यांनी संशोधन केले आहे.

लंडनला गेलेल्या शिल्पांना 'इलियट मार्बल्स' हे नाव पडले. दगड खरे तर चुनखडीचा! आणि दान देणाऱ्यांची नावे तर त्या दगडांवरच ब्राह्मीत कोरलेली आहेत. त्यांत भिक्खुणी आहेत, गृहपती आहेत, व्यापारी आहेत. एका प्राकृत लेखात विधिक नावाच्या चर्मकाराने आई, पत्नी, भाऊ आणि मुलाबाळांसह पूर्णघटाची शिला दान दिल्याची नोंद आहे. त्याच लेखात त्याच्या वडिलांचा, नाग यांचा, उल्लेख 'उपाध्याय' असा येतो.