तेरेखोलच्या पाण्यातली सीमा

मंडळी, लासुर्ण्याहून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात नीरा नदी लागते. अलीकडचा काठ आपल्या पुणे जिल्ह्यातला, पलीकडचा सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातला. ज्याला मासे धरायचा नाद आहे तो आज या काठाला बसतो, उद्या त्या काठाला. गळाला लागलेली मरळ इंदापूरची की माळशिरसची, हे कोणी विचारीत नाही. विचारलं तर माणसं हसतील.

पण आपल्याच मराठी मुलखात एक नदी अशी होती की, जिच्या एका काठावर एक राष्ट्र आणि दुसऱ्या काठावर दुसरे राष्ट्र होते. त्या नदीची गोष्ट आज सांगायची आहे. ती मला कशी सुचली, ते आधी सांगतो.

लासुर्ण्याचे एक बागाईतदार माझे स्नेही आहेत. नीरेच्या डोहावर तासन्‌तास गळ टाकून बसणारे गृहस्थ. एकदा त्यांनी मनावर घेतले की, खाडीचा मासा धरून पाहायचा. मला इतिहासाची आवड, त्यांना माशांची. दोघांचे जुळले, आणि फलटण, सातारा, कोल्हापूर करीत आम्ही मोटारीने आंबोलीचा घाट उतरलो. सावंतवाडी झाली, शिरोडे झाले, रेडी मागे पडली, आणि तेरेखोलच्या किल्ल्याखाली येऊन गाडी उभी राहिली. समोर तेरेखोल नदी समुद्राला मिळत होती. पलीकडे गोव्यातील केरीचा किनारा दिसत होता.

मी सहज म्हणालो, "आपण आता गोव्यात उभे आहोत."

स्नेही चमकले. म्हणाले, "सर, गोवा तर नदीच्या पलीकडं. आपण अलीकडंच आहोत. नदी ओलांडली नाही, होडीत बसलो नाही, मग गोव्यात आलो कसे?"

प्रश्न अगदी बिनतोड होता. नकाशा पाहा. तेरेखोल नदी महाराष्ट्र आणि गोवा यांच्यामधून वाहते. पण तिच्या मुखाशी, उत्तर काठावर, गोव्याचा एक लहानसा तुकडा महाराष्ट्राच्या बाजूला चिकटून राहिलेला आहे. किल्ला आणि त्याच्या पायथ्याचे गाव, एवढाच तो तुकडा. हे असे का झाले, याचे उत्तर भूगोलात सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते.

हा किल्ला मूळचा सावंतवाडीच्या भोसल्यांचा. खाडीतून आत-बाहेर जाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवण्यासाठी त्यांनी तो बांधला. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो जिंकून घेतला. त्या काळी नदीचे दोन्ही काठ सावंतांचेच मुलूख होते. पुढे किल्ल्यांची आणि महालांची ओढाताण बरीच झाली, आणि १७८८ मध्ये नदीच्या दक्षिणेचा पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला तो कायमचा. म्हणजे नदी ही सीमा झाली ती नंतर. किल्ला त्यांच्या हाती पडला होता तो आधी. हातात आलेला किल्ला कोण सोडतो? म्हणून नदीपलीकडे एक पाऊल टेकलेले राहिले, ते आजतागायत.

इंग्रज आल्यावर आणखी गंमत झाली. १८१९ च्या तहाने सावंतवाडी संस्थानची किनारपट्टी इंग्रजांकडे गेली. त्यामुळे शिरोडे-रेडी इंग्रजांच्या अमलाखाली, खाडीच्या आत आरोंदे सावंतवाडी संस्थानात, आणि तेरेखोल नि पेडणे पोर्तुगालच्या राजाचे. चार-सहा मैलांच्या टापूत तीन सरकारे! तीन कायदे, तीन जकाती, तीन प्रकारचे शिपाई. आणि मधून वाहणारे पाणी मात्र एकच.

आता या पाण्यावर पोट भरणारी माणसे कोण? मुख्यतः गाबीत समाजाची. मालवण-वेंगुर्ल्यापासून पेडण्यापर्यंत आणि खाली कारवारकडे ही मंडळी पसरलेली आहेत. किनाऱ्यावर सगळे मिळून रापण ओढतात, खाडीत जाळे फेकतात, गरी टाकतात. आपण ज्याला गळ म्हणतो, त्याला तिकडे गरी म्हणतात, आणि गळाने मासे धरण्याला गरवणे. आम्ही काठावर सामान मांडले तेव्हा एका म्हाताऱ्याने विचारले, "गरवूक इलात काय?" आणि मग त्यानेच आम्हाला शिकवले की, खाडीत गळ केव्हाही टाकून चालत नाही, भरती चढू लागली की तिच्याबरोबर मासा आत येतो, तेव्हा टाकायचा. नीरेला भरती-ओहोटी नसते, त्यामुळे आमच्या बागाईतदारांना हा धडा नवा होता.

मंडळी, याच ठिकाणी विचार करा. समुद्राचा मासा भरतीबरोबर आत येतो, ओहोटीबरोबर बाहेर जातो. सकाळी तो तेरेखोलच्या मुखाशी असेल, दुपारी आरोंद्याला. मासा असा फिरतो म्हणून त्याच्यामागे होडी फिरते. होडीतल्या माणसाची बहीण पलीकडे दिलेली असते, त्याच्या देवाची जत्रा पलीकडे भरते, त्याची मासळी पलीकडच्या बाजारात विकते. त्याच्या दृष्टीने खाडी म्हणजे दोन काठांना जोडणारा रस्ता. सरकारांच्या दृष्टीने मात्र तीच खाडी म्हणजे कुंपण.

या कुंपणाची झळ कशी लागते, हे मिठावरून चांगले समजते. आपल्याकडच्या आठवडे बाजारात सुकट नि सुके बोंबील येतात, तुम्ही पाहता. ताजी मासळी घाट चढेपर्यंत टिकत नसे, म्हणून ती वाळवावी लागे, आणि मोठा मासा तर खारवावाच लागे. खारवायचा म्हणजे मीठ हवे. गोव्यात मिठागरे मुबलक, मीठ स्वस्त. इंग्रजी मुलखात मिठावर जबर कर. साहजिकच गोव्याचे मीठ चोरून इकडे येई, आणि इंग्रज सरकारचा महसूल बुडे.

यावर तोड म्हणून १८७८ च्या डिसेंबरात इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात एक करार झाला. १८८० पासून बारा वर्षे तो अमलात होता. गोवा आणि इंग्रजी हिंदुस्थान यांच्यामधली जकात उठली, दोन्हीकडे कराचे दर एक झाले. मुरगाव बंदरापासून घाटावर येणारा लोहमार्गही याच करारातून निघाला. पण त्याच्या बदल्यात गोव्याच्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि पोर्तुगीज सरकारला दर साल चार लाख रुपये मिळू लागले. सरकारांचे हिशेब जुळले. पण ज्याच्या अंगणातच मीठ पिकत होते, त्या गोव्याच्या माणसाला ते महाग झाले. इंग्रजी किनाऱ्यावर तर मासळी खारवण्यासाठी खास आवारे उघडून तेथे करमाफीचे मीठ देण्याची सोय सरकारला करावी लागली. त्याशिवाय तो धंदा जगला नसता.

१८९२ मध्ये कराराची मुदत संपली. तो पुन्हा केला गेला नाही, आणि नाके परत उभे राहिले. म्हणजे सीमा बारा वर्षे जवळजवळ पुसली गेली आणि पुन्हा आखली गेली. नदी होती तिथेच होती. जी गोष्ट एका सहीने उठते आणि एका सहीने बसते, ती निसर्गाने केलेली कशी म्हणावी?

मिठाची आठवण निघाली म्हणून सांगतो. तेरेखोलपासून जवळच्याच शिरोड्याला मे १९३० मध्ये मिठाचा मोठा सत्याग्रह झाला. त्याच गावच्या शाळेत तेव्हा वि. स. खांडेकर शिक्षक होते. शिक्षक बंधु-भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. कारण पुढच्या हकिकतीत आणखी दोन शिक्षक यायचे आहेत.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तीन सरकारांची दोन झाली. आणि आता तेरेखोलच्या पाण्यातून खरोखरीची आंतरराष्ट्रीय सीमा जाऊ लागली. एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला पोर्तुगाल. १९५१ मध्ये तर पोर्तुगालने राज्यघटना बदलून गोवा हा आपला सागरापलीकडचा प्रांत आहे, असे जाहीर केले. म्हणजे हजारो मैलांवरचे लिस्बन घरचे, आणि हाकेच्या अंतरावरचे आरोंदे परके!

पुढची हकिकत तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली मूठभर गोवेकर सत्याग्रही याच तेरेखोल किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तेथे तिरंगा फडकवला. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे यांनी सीमा ओलांडली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही ठिकठिकाणांहून आत गेले, आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मेली. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला पडलेले कर्नैलसिंग पंजाबातील इसरू गावचे शिक्षक होते. पनवेलचे हिरवे गुरुजीही त्या सत्याग्रहाचे हुतात्मे.

यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, रस्ते बंद झाले. गोव्याच्या बाजारात बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून आणि सिमेंट जपानहून येऊ लागले. नाकेबंदी योग्य होती की नव्हती, हा वाद वेगळा. पण ज्याची बहीण पलीकडच्या काठावर होती आणि ज्याची मासळी पलीकडे विकत होती, त्याचे काय झाले असेल, याचा विचार नकाशाकडे पाहून होत नाही.

आणि शेवटी या सीमेचा निकाल लागला, त्यातही एक मच्छीमार होताच. कारवारजवळ समुद्रात अंजदीव नावाचे बेट आहे. तेही पोर्तुगीजांकडे होते. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्या बेटावरील पोर्तुगीज शिपायांनी जवळून जाणाऱ्या 'साबरमती' या भारतीय बोटीवर, आणि मग मासेमारीच्या होड्यांवर गोळीबार केला. त्यात एक मच्छीमार ठार झाला. रोजच्या पाण्यात रोजच्या धंद्याला गेलेला माणूस. देशभर संताप उसळला. १८ डिसेंबरला भारतीय सैन्य गोव्यात शिरले, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. अंजदीव घेताना आपल्या नौदलाचे सात जवान कामी आले. साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपली.

आज त्या वाटेवर काय आहे? मोटारीची कागदपत्रे आणि दारूच्या बाटल्या तपासणारे नाके आहेत. १९८७ पासून गोवा हे आपल्यासारखेच एक राज्य आहे. तेरेखोलचा तो तुकडा अजून गोव्यातच आहे, पण त्यासाठी आता कोणाला गोळी खावी लागत नाही. तंटे नाहीत असे नाही. गोव्याकडून आणि कर्नाटकाकडून येणारे वेगवान ट्रॉलर आपली मासळी उपसून नेतात, अशी मालवणच्या रापणवाल्यांची तक्रार आहे, आणि ती रास्तही आहे. पण हे भांडण एका घरातले आहे. ते कायद्याने आणि चर्चेने मिटू शकते.

सगळीकडे मात्र तसे नाही. आपल्या पालघर जिल्ह्यातील कितीतरी खलाशी गुजरातच्या ट्रॉलरवर कामाला जातात. तिकडे सर क्रीकच्या पुढे भारत आणि पाकिस्तान यांची समुद्रातली हद्द अजून ठरलेली नाही. पाण्यावर काही रेघ ओढलेली नसते. जाळ्यामागे, वाऱ्यामागे होडी पुढे जाते आणि माणूस कराचीच्या तुरुंगात पोचतो. तिकडच्या मच्छीमारांवरही आपल्याकडे हीच पाळी येते. २००८ च्या करारानुसार दोन्ही सरकारे दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्या यादीत मच्छीमारांचा रकाना वेगळा असतो. तो रकाना अजून रिकामा झालेला नाही.

शिक्षक मित्रहो, वर्गात आपण मुलांकडून नकाशात सीमा रंगवून घेतो. जरूर घ्याव्यात. सीमेशिवाय देश नाही, आणि देशाच्या सीमेसाठी प्राण देणाऱ्यांना विसरून चालणार नाही. पण मुलांना इतकेच विचारा, की ही रेघ कोणी ओढली, केव्हा ओढली, आणि तिच्या काठावर राहणारा माणूस काय करीत होता? सुरुवात नीरेपासूनच करा. नीरा आणि भीमा यांचा संगम आपल्याच तालुक्यात नीरा-नरसिंहपूरला होतो. तेथे उभे राहून मुलांना पलीकडचा काठ दाखवा आणि सांगा, की आपण मनात येईल तेव्हा पलीकडे जातो, हे सुख सर्वांना नेहमी मिळालेले नाही.

आमच्या स्नेह्यांना त्या दिवशी भरतीच्या वेळी दोन शेवटे मिळाले. परत निघताना त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली आणि विचारले, "सर, हे मासे महाराष्ट्राचे म्हणायचे की गोव्याचे?"

मी म्हणालो, "तुम्ही धरलेत, तुमचे."