पाहुणा ससा, हरवलेला पाकट

ससा आणि पाकट मासा यांची तुलना? तुम्ही म्हणाल, ह्याला विकांताला दुसरे उद्योग नाहीत का! एक माळावर उड्या मारणारा, दुसरा समुद्राच्या तळाशी पडून राहणारा. पण इंडोनेशियातल्या जावा बेटावर दोघांच्या गोष्टी एकत्र येतात, आणि दोन्हींत मुख्य पात्र माणूसच आहे.

ससा आपल्या ओळखीचा. मानेवर काळा पट्टा असलेला भारतीय ससा, लेपस नायग्रिकॉलिस. १८२३ मध्ये फ्रेडरिक क्युव्हिएने त्याचं वर्णन केलं. हा गडी जावाला काही पोहत गेला नाही, माणसाने नेला. मॉरिशसलाही तसाच पोचला. वर्षभर पिल्लं होतात, गवत असलं की भागतं. स्वारी तिथे मजेत रुळली.

आता पाकट. १८६२ मध्ये बटाव्हियाच्या, म्हणजे जकार्ताच्या मासळीबाजारातून एक छोटा पाकट मिळाला. लांबी फक्त ३३ सेंटिमीटर. १८६४ मध्ये एदुआर्द फॉन मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचं बारसं केलं; आज त्याचं नाव आहे युरोलोफस जावानिकस. त्यानंतर हा मासा पुन्हा कुणालाच मिळाला नाही. अख्ख्या प्रजातीचा पुरावा म्हणजे तो एक नमुना. आमच्या भाषेत सांगायचं तर सँपल साइझ एक!

का गेला? मुद्दाम त्याच्या मागे कुणी लागलं नव्हतं. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर मासेमारी इतकी बेसुमार होती की १८७० च्या दशकातच मासळी कमी होऊ लागली होती. त्यात किनाऱ्यावर कारखाने, शहरं वाढत गेली. या कुळातले मासे मुळात पिल्लं देतात थोडीच. तूट भरून निघणार कशी?

डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएनने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. माणसामुळे संपलेला हा पहिला नोंदलेला समुद्री मासा. म्हणजे पकडल्यापासून तब्बल १६१ वर्षांनी!

गंमत बघा, परका ससा टिकला आणि घरचा पाकट गेला. ससा डोळ्यांसमोर असतो, शेतात शिरला तर शेतकरी काठी घेऊन धावतो, म्हणजे दखल तरी घेतो. पाण्याखाली काय कमी होतंय ते जाळं रिकामं आल्यावरच कळतं. आणि या पाकटाच्या बाबतीत तेही कळलं नाही, कारण जाळी दुसऱ्या माशांनी भरत होती.

म्हणून बंदरावर कुठला मासा किती उतरला, याची कंटाळवाणी नोंद मला फार मोलाची वाटते. ती १८६४ नंतर कुणी ठेवली असती, तर कदाचित वेळेत कुणीतरी विचारलं असतं, तो छोटा पाकट हल्ली दिसत कसा नाही?