आंकड्यांची वकिली

हंटर आयोगाचें नांव काढतांच मराठी वाचकास प्रथम आठवतात ते जोतीराव फुले. १८८२ च्या ऑक्टोबर महिन्यांत त्यांनीं त्या आयोगापुढें ठेवलेलें निवेदन आपल्या सामाजिक इतिहासांत मानाचें स्थान पावलें आहे, व तें यथायोग्यच आहे. परंतु त्याच वर्षीं, त्याच आयोगापुढें, मुंबईच्या एका बॅरिस्टरानें आपल्या समाजाच्या शिक्षणाची कैफियत मांडली होती, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. ते बॅरिस्टर म्हणजे बद्रुद्दीन तय्यबजी. आणि आयोगाचा अध्यक्ष विल्यम हंटर हा स्वतः सनदी नोकर असून, मुसलमानांच्या मागासलेपणाचा प्रश्न सरकारदरबारीं गाजविणारा ग्रंथकार होता. सरकारी नोकरानें एखाद्या अल्पसंख्य समाजाची बाजू घ्यावी, तर तिचें मोल काय व मर्यादा कोणती, हें पाहावयाचें असल्यास आरंभ त्याच्यापासूनच केला पाहिजे.

हंटर १८६२ मध्यें बंगालच्या मुलकी खात्यांत रुजू झाला व १८७१ मध्यें त्यानें हिंदी मुसलमानांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यांतील युक्तिवादापेक्षां एक कोष्टकच अधिक बोलकें ठरलें. बंगालमधील २,१११ वरिष्ठ नेमणुकांपैकीं युरोपीय १,३३८, हिंदु ६८१ आणि मुसलमान अवघे ९२! त्याचा हेतु केवळ परोपकाराचा होता असें समजण्याचें कारण नाहीं. असंतुष्ट प्रजा राज्यास धोक्याची, ही चिंता त्या पुस्तकाच्या पानोपानीं दिसते, आणि हिंदु व मुसलमान यांचीं नांवें समोरासमोरच्या रकान्यांत मांडण्याच्या ह्या पद्धतीनें पुढें तेढीसही खतपाणी मिळालें. तथापि एक गोष्ट त्यानें प्रामाणिकपणें नमूद केली होती, ती ही कीं, आपलें म्हणणें दक्षिण बंगालपुरतेंच आहे. दुर्दैवानें वाचकांनीं कोष्टक लक्षांत ठेवलें आणि ही मर्यादा मात्र विसरली.

मुंबईचें चित्र अगदीं निराळें होतें. येथील मुसलमान समाज एकजिनसी नव्हता. गलबतांचे मालक व नाखवे असलेले कोंकणी मुसलमान, तसेच मेमण, खोजे व बोहरे व्यापारी, आणि उत्तरेंतून येऊन मदनपुऱ्यांत हातमाग मांडणारे मोमीन विणकर असे त्यांचे नाना थर होते. कलकत्त्याच्या उमरावांचें दुःख गेलेल्या अधिकाराचें होतें, तर मुंबईकरांचें न आलेल्या विद्येचें. बंगालचा काढा मुंबईच्या रोग्यास लागू पडणार नाहीं, हें ओळखणारा माणूस मुंबईंतच निघावा लागला.

तय्यबजींनीं आपले बंधु कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे इत्यादिकांसह १८७४ मध्यें अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापिली व १८८० मध्यें तिची शाळा निघाली. म्हणजे आयोगापुढें जातेवेळीं त्यांच्या हातीं केवळ तक्रार नव्हती, चालती शाळा होती. इलाख्यांतील बहुतेक सरकारी शाळा मराठी वा गुजराती. शहरांतील मुसलमान मुलास हिंदुस्थानी हवी, आईबापांस धर्मशिक्षणाची काळजी, आणि बहुतेकांच्या घरीं दारिद्र्य. ह्या अडचणी प्रत्यक्ष अनुभवानें कळलेल्या होत्या. मुंबईचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्याच आयोगाचे सभासद होते. पुढें आयोगानें मुसलमानांच्या शिक्षणाविषयीं स्वतंत्र शिफारशी केल्या, आणि १८९३ मध्यें बोरीबंदरासमोर अंजुमनची भव्य इमारत उभी राहिली. अधिकाऱ्यानें प्रश्न विचारला व समाजानें शाळा काढून उत्तर दिलें, असा हा दुर्मिळ योग होय.

त्यानंतर सव्वाशें वर्षांनीं एका सनदी अधिकाऱ्याच्या हातीं पुन्हा तोच प्रश्न आला. न्यायमूर्ति राजेंद्र सच्चर यांच्या समितीनें २००६ मध्यें देशभरच्या मुसलमानांची स्थिति मांडल्यावर, महाराष्ट्रापुरता वेगळा तपास करण्यासाठीं राज्य सरकारनें २००८ मध्यें डॉ. महमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखालीं अभ्यासगट नेमला. हे निवृत्त सनदी अधिकारी पूर्वीं अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरु होते. हंटरनें जें केलें नाहीं तें ह्या गटानें केलें. परप्रांताचें माप न लावतां त्यानें ह्याच राज्यांतील घरें, शाळा व रोजगार तपासले. ऑक्टोबर २०१३ मध्यें सादर झालेल्या अहवालाचें सार असें कीं, राज्यांतील सुमारें ६० टक्के मुसलमान दारिद्र्यरेषेखालीं असून पदवीधर केवळ २.२ टक्के आहेत. गटानें ८ टक्के आरक्षणाची शिफारस केली.

येथें एक योगायोग मनास चटका लावून जातो. सच्चर समितीनें महाराष्ट्र राज्याच्या नोकऱ्यांतील मुसलमानांचें प्रमाण ४.४ टक्के दिलें आहे. हंटरच्या कोष्टकांतील २,१११ पैकीं ९२ म्हणजेही शेंकडा ४.४ च! अर्थात् दोहोंची सरळ तुलना करणें चुकीचें होईल. बंगालच्या वस्तींत मुसलमान जवळजवळ निम्मे होते, तर २००१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रांत ते १०.६ टक्के, शिवाय तेथें मोजल्या त्या वरच्या जागा, येथें सर्व नोकऱ्या. तरीही १८७१ आणि २००६ ह्यांच्यामध्यें एवढी उलथापालथ होऊन गेल्यावर तोच आंकडा पुन्हा समोर यावा, ह्याचा विषाद वाटल्यावांचून राहात नाहीं.

अहवालाचें पुढें काय झालें? जुलै २०१४ मध्यें सरकारनें एकाच वेळीं दोन वटहुकूम काढले. एकानें मराठा समाजास १६ टक्के, तर दुसऱ्यानें मुसलमानांतील ५० मागास जातिसमूहांस ५ टक्के आरक्षण दिलें. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या सांचेखात्यांत मराठा कामगार व मोमीन विणकर एकेकाळीं शेजारीं शेजारीं उभे राहात. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्यांची धुरांडीं एकामागून एक थंडावलीं, आणि आतां दोघांचे वंशज एकाच दारीं उभे राहिले. नोव्हेंबर २०१४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें मराठा आरक्षणास स्थगिति दिली. मुसलमानांच्या बाबतींत नोकऱ्यांतील आरक्षण थांबविलें, पण शिक्षणांतील आरक्षण प्रथमदर्शनीं चालूं दिलें. ह्या निर्णयांत रहमान गटाच्या आंकड्यांचाही आधार होता. म्हणजे त्या आंकड्यांची वकिली न्यायासनापुढें टिकली. परंतु सरकार बदललें होतें. वटहुकुमाचें कायद्यांत रूपांतर झालें नाहीं व मुदत संपतांच तो लयास गेला.

धर्माच्या नांवावर सवलत देऊं नये, हा आक्षेप विचारार्ह आहे, व तो घेणारे सगळेच अनुदार असतात असें नाहीं. परंतु तो उपायावरील आक्षेप आहे, आंकड्यांवरील नव्हे. औषध न रुचलें म्हणून रोग बरा झाला असें कोणी मानीत नाहीं. सनदी अधिकाऱ्याचें सामर्थ्य मोजण्यापर्यंत असतें; त्यापुढें त्याची लेखणी थांबते. १८८२ मध्यें त्या लेखणीपुढें तय्यबजींची शाळा उभी होती, म्हणून कागदाची इमारत झाली. बोरीबंदराबाहेर पडणाऱ्या प्रवाशानें समोरची ती वास्तु पाहतांना एवढें स्मरावें कीं, तिच्या पायांत एक अहवाल आहे खरा, पण त्यावर दगड चढविले ते गांवानें.