कसरतीचं विमान आणि आपल्या पोरी

जानेफळवरून विमान गेलं, की लेकरांसोबत आम्हीही मान वर करून पाहतो. आज बोलू या नऊ विमानांच्या कसरती करणाऱ्या ‘सूर्यकिरण’ पथकाबद्दल.

हवाई दलाने हे पथक १९९६ मध्ये बिदरला उभं केलं. बिदर म्हणजे उदगीरच्या पलीकडे, सीमाभागात. तिथे बऱ्याच जणांना मराठी कळते. पथकाचं विमान होतं ‘किरण’, आपल्याच देशात बनलेलं, वैमानिकांना शिकवायचं. पुढे शिकवायलाच विमानं कमी पडू लागली, म्हणून २०११ मध्ये कसरती थांबल्या. आधी शिक्षण, मग कौतुक! २०१५ मध्ये पथक ‘हॉक’ विमानं घेऊन परतलं. हॉकही शिकवणीचंच विमान.

याच हॉकवर, याच बिदरला तिघी जणी शिकल्या: अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग. २०१६ मध्ये त्या देशातल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या. त्याआधी बाया मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टर चालवत होत्या. लढाऊ विमानाचं दार मात्र बंद होतं.

२०२२ पासून पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएतही मुली शिकतात. तिथून हवाई दलात जायचं, तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. तेव्हा दहावीनंतर “पोरीला गणित कशाला?” असं कुणी म्हटलं, तर गप्प बसायचं नाही. तो विषय गटाच्या बैठकीत घेऊ या. विषय सुटला, की हे दार आपल्या हातानेच बंद होतं.